महिन्यातले सत्तर किलोमीटर: आंब्याच्या बागेतल्या पिकअपला टायर निवडताना

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. राजापूर तालुक्यात पाचलच्या बाजूला त्याची हापूसची साडेतीनशे कलमं आहेत, थोडी काजूही आहे. गाडी इसुझूची हाय-लँडर, २०२१ ची. मागच्या दोन चाकांवर चालणारी, मागे पाटे, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारा भाग) साधं. जुलै २०२३ मध्ये ही गाडी बागेच्या वाटेवर चार वेळा अडकली. चौथ्या वेळी हौद्यात कल्टारचे (आंब्याला मोहोर यावा म्हणून देतात त्या औषधाचे) कॅन होते, बरोबर पाच गडी होते आणि पऱ्याचं, म्हणजे ओहोळाचं, पाणी चढत होतं. कलमांना कल्टारची मात्रा द्यायची ती साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमकी वाटेची दैना झालेली असते तेव्हाच. त्या दिवशी गडी चालत घरी गेले, मजुरी द्यावीच लागली आणि गाडी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून काढली.

त्या रात्री त्याचा फोन आला. "आता बटनवाले टायर टाकतो. चांगले जाड. तू फक्त कुठले घेऊ ते सांग." बटनवाले म्हणजे जाड, सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीचे, चिखलाचे टायर.

मी कोल्हापुरात गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करतो, त्यामुळे घरातले सगळे टायरचंही मलाच विचारतात. पिकअप घेतलेल्या किती तरी शेतकऱ्यांचा प्रश्न हाच असतो: कुठला टायर? दादाला मी लगेच उत्तर दिलं नाही. गणपतीला येतो, तेव्हा वाट बघू, एवढंच म्हणालो. पुढे दहा महिने हे प्रकरण चाललं. ते सगळं लिहून ठेवतोय, कारण मधल्या दोन-तीन गोष्टी मलाही आधी नीट माहीत नव्हत्या.

वाट

डांबरी रस्ता सोडल्यापासून बागेतल्या मांगरापर्यंत (बागेतल्या खोपटापर्यंत) १.४ किलोमीटर अंतर आहे. पहिला भाग सड्यावरून जातो. तिथे उघडा कातळ आहे, पावसात त्यावर शेवाळ धरतं, पण तो सपाट असल्यामुळे त्रास होत नाही. मग लाल मातीचा उतार, खाली पऱ्या, आणि पऱ्यापलीकडे तीनशे मीटरचा चढ. गाडी चारपैकी तीन वेळा याच चढावर थांबली होती. एकदा पऱ्याच्या अलीकडे, भाताच्या मळ्याला लागून चाक बांधावरून खाली गेलं म्हणून बसली.

चढावरचा चिखल खोल नाही हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी चपला काढून चालत गेलो. वर दोन-तीन बोटं लाल राड आणि खाली टणक जांभा. देशावरच्या काळ्या मातीत चाक फिरेल तितकं खाली जातं. इथे ते खाली जात नाही, जागच्या जागी फिरतं. दोन्हींचा इलाज एक नाही. काळ्या मातीत रुंद टायर तरंगून निघतो. इथे पातळ राड बाजूला सारून खालच्या जांभ्याला टेकणारा टायर हवा, म्हणजे उगाच रुंद नको. मळ्याच्या कडेचा चिखल मात्र खरा खोल होता, पण गाडीने तिथे जाण्याचं काहीच कारण नव्हतं.

टायर तेव्हाचे मूळचेच होते, २४५/७० आर १६, हायवेच्या नक्षीचे. खोली मोजली तर पुढे ३.४ मिलिमीटर, मागे २.९. कायद्याने १.६ पर्यंत चालतं आणि खाचेतल्या उंचवट्यांची खूणही तिथेच लागते. म्हणजे डांबरावर अजून जीव होता. पण हायवेच्या टायरला सलग पट्टे आणि अरुंद खाचा असतात. त्यात लाल माती एकदा बसली की ती बाहेर पडत नाही, आणि टायर नवा असो की जुना, वरून तो गोटाच होतो. एटी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) टायरचा फरक इथे आहे. नक्षीचे ठोकळे सुटे असतात, मधली फट रुंद असते आणि ती कडेला उघडी असते, त्यामुळे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. एमटी (मड-टेरेन, म्हणजे खास चिखलाच्या) टायरमध्ये ही फट आणखी मोठी, पण तितकंच कमी रबर रस्त्याला टेकतं.

आठ चिरे

एवढं बघून एटी टायर सुचवले असते तर चूक ठरली नसती. पण मी मागच्या चाकाला गेज लावला आणि हवा ४० निघाली.

"मागे चाळीस का?"

"आंब्याला भरलेली. क्रेट असतात ना."

आंबा मेमध्ये संपला होता. गाडी जूनपासून रिकामी फिरत होती, आणि हवा मात्र पाऊण टनाच्या मालाची. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, वर हवा चाळीस, म्हणजे टायर फुगून मधल्या पट्ट्यावर उभा. जमिनीला टेकणारा तुकडा लहान. शिवाय चालणारी चाकं मागची आणि वजन पुढे, इंजिनावर.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर येऊन गेली होती आणि वाट हवी तशी निसरडी होती. आम्ही त्याच चढावर, त्याच जुन्या टायरवर चार फेऱ्या केल्या. पहिली आहे तशी: हौदा रिकामा, मागे ४० हवा. चढाचा एक तृतीयांश भाग झाला तोच चाक जागच्या जागी फिरायला लागलं आणि गाडी मागे घ्यावी लागली. दुसरी, हवा २४ वर आणून: गाडी निम्म्याच्या पुढे, जवळजवळ दोन तृतीयांश वर गेली आणि थांबली. मग मांगराजवळ पडलेले आठ जांभ्याचे चिरे हौद्यात मागच्या धुऱ्यावर ठेवले. एक चिरा तीस-बत्तीस किलोचा, म्हणजे अडीचशे किलो झाले. हवा २४ आणि चिरे: गाडी न थांबता वर. शेवटी चिरे तसेच ठेवून हवा पुन्हा ४० केली, तेव्हा निम्म्यावर अडकली.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे टायर बदलायचेच नाहीत?"

बदलायचे होतेच. मागच्या डाव्या टायरच्या बाजूला दगडाने कापलेली खूण होती आणि पुढच्या पावसापर्यंत मागची नक्षी संपणार होती. पण नवे टायर किती आक्रमक हवेत, हा हिशोब त्या चार फेऱ्यांनी बदलला. जुना, झिजलेला, हायवेचा टायर हवा आणि वजन ठीक केल्यावर वर जातो, तर याच मापाचा नवा आणि साधा एटी टायर तिथे सहज पुरेल. एमटीचा विषय माझ्यापुरता तिथेच मिटला.

चिऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. मोकळे चिरे हौद्यात ठेवून रस्त्यावर जाऊ नये. जोरात ब्रेक लागला की ते सरळ केबिनच्या पाठीवर येतात. दादाने नंतर फळ्यांची चौकट करून घेतली, ती हौद्याच्या कड्यांना बांधली, आणि चिरे फक्त बागेच्या वाटेपुरतेच त्यात राहतात.

वहीतले किलोमीटर

टायर लगेच घेतले नाहीत. पाऊस ओसरत आला होता, आणि सीझनचा पैसा हातात आल्यावर घ्यायचे असं ठरलं. मधल्या काळात मी वहिनींना एक वही ठेवायला सांगितली. घरात हिशोब त्याच ठेवतात आणि गाडीही दादापेक्षा त्याच जास्त चालवतात, म्हणून त्यांनाच सांगितलं. एका महिन्यात गाडी कुठल्या रस्त्यावर किती चालली, एवढंच लिहायचं होतं.

एप्रिल २०२४ चा आकडा: एकूण २,२४० किलोमीटर. त्यातले १,६१० हमरस्त्यावर, कारण दादा आता बराचसा आंबा कोल्हापूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पोचवतो. ५६० अणुस्कुरा घाट आणि गावागावांतली डांबरी. आणि कच्ची वाट ७० किलोमीटर: १.४ जाऊन-येऊन, पंचवीस फेऱ्या. शंभरातले तीन किलोमीटर सुद्धा जेमतेम.

दादाला ते पटेना. त्याच्या डोक्यात गाडी म्हणजे बागेची गाडी. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. अडकलेली गाडी माणूस वर्षभर विसरत नाही. पण टायर त्या ७० किलोमीटरसाठी घेतला तरी उरलेले २,१७० किलोमीटर तोच धावणार. त्यातच ओल्या अणुस्कुऱ्यात धुकं आणि वळणं असताना ब्रेक दाबणं येतं. एटी टायर ओल्या डांबरावर सर्वसाधारणपणे हायवेच्या टायरपेक्षा थोडा उशिरा थांबतो, एमटी त्याहून उशिरा. बागेच्या चढावर घसरलो तर मजुरी बुडते. घाटात घसरलो तर समोर काय असेल ते सांगता येत नाही. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता, आणि एटी टायर निवडतानाही ठोकळ्यांवर बारीक काप भरपूर असलेली नक्षी घ्यायची, हे त्यावरूनच ठरलं. ते काप ओल्या रस्त्यावरच्या पाण्याचा पातळ थर फोडतात आणि जांभ्यावरच्या राडीतही उपयोगी पडतात.

वहिनींनी वहीत न विचारलेली एक गोष्टही लिहून ठेवली होती. महिन्यात सहा वेळा गाडीत सासूबाई होत्या, दवाखान्याला. "भावोजी, ते बटनवाले फार आवाज करतात म्हणे. आईंना आधीच चक्कर येते." तीही नोंद हिशोबात धरली.

त्याच महिन्यात वजनही केलं. पाचलहून जाताना वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. रिकामी गाडी: पुढे १,०८०, मागे ८२०. दोन माणसं आणि आंब्याचे तीस क्रेट भरून: पुढे १,२२०, मागे १,४८०. एकूण २,७००. मागच्या प्रत्येक टायरवर ७४० किलो. हा आकडा हातात असल्याशिवाय टायरच्या दुकानात जाऊ नये असं मी आता सगळ्यांनाच सांगतो. काट्याची पावती काही फार महाग नसते.

दुकानात

मे २०२४ मध्ये आम्ही कोल्हापुरात तीन दुकानं फिरलो. दुकानांची नावं लिहीत नाही. तिघांनीही आपापल्या परीने चांगलंच सुचवलं, फक्त आमच्या वाटेबद्दल कोणी विचारलं नाही.

पहिल्याने २६५/७० आर १६ दाखवला. "गाडी उठून दिसेल, साहेब." याचा हिशोब साधा आहे. २४५ चे ७० टक्के म्हणजे बाजूची उंची १७१.५ मिलिमीटर. दोन्हीकडची मिळून ३४३ आणि मध्ये १६ इंची रिम म्हणजे ४०६.४, एकूण व्यास ७४९ मिलिमीटर. २६५ ने तो ७७७ होतो. गाडी उचलली जाते फक्त १४ मिलिमीटर, कारण व्यासातला अर्धाच फरक खाली मिळतो. बदल्यात प्रत्येक गिअर पावणेचार टक्के जड होतो, आणि भरलेली गाडी घाट चढताना नेमकं तेच नको असतं. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने चाललेली असते. पूर्ण वळवल्यावर चाक आतल्या प्लास्टिकला घासू शकतं. आणि मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडी कंपनीने दिलेल्या मापात ठेवायला सांगतं, अपघातानंतर विमा कंपनीला तेवढंच कारण मिळायला नको. वर आमच्या राडीवर रुंद टायर उलट वाईट. दादाला तो दिसायला आवडला होता, हे खरं. मलाही आवडला.

दुसऱ्या दुकानात एलटी (लाइट ट्रक, म्हणजे माल वाहणाऱ्या गाड्यांचा) टायर होता, दहा प्लायचा. माल वाहता ना, मग हाच, असं त्यांचं म्हणणं. इथे काट्याची पावती कामाला आली. टायरवर मापाच्या पुढे एक अंक असतो, तो वजनाचा. १०७ म्हणजे ९७५ किलो, १११ म्हणजे १,०९०. आमच्या मागच्या चाकावर ७४०. वळणावर आणि ब्रेकला वजन एकीकडे सरकतं ते धरूनही साधा १०७ पुरतो, १११ असेल तर भरपूर शिल्लक. दहा प्लाय हेही ताकदीचं नाव आहे, आत खरोखर दहा थर नसतात. असा टायर आपलं पूर्ण वजन पेलतो तो ८० हवेला. ३५ हवेत तो त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा कमी वजन धरतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शिवाय त्याची बाजू कडक असते, म्हणजे वर्षातले आठ महिने रिकामी फिरणारी गाडी दगडासारखी आपटत चालणार. रोज टनभर चिरे किंवा सिमेंट वाहणाऱ्याने एलटीच घ्यावा. सीझनला तीस क्रेट नेणाऱ्याला त्याची गरज नाही. दगडाच्या कापापासून एलटीची बाजू जास्त टिकते, हा त्याचा खरा फायदा, आणि तो आम्ही सोडून दिला. दादाच्या वाटेवर टोकदार दगड असा एकाच जागी होता. तो दादाने पुढच्याच आठवड्यात पहार घालून काढला.

गावातल्या एकाने रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले) बटन टायर निम्म्या पैशांत देतो म्हटलं होतं. भरलेल्या गाडीला घाटात मी ते घालू देणार नव्हतो. त्यावर फार बोलणं झालं नाही.

जास्त वाद झाला तो दोन की चार यावर. दादाचं म्हणणं, चालतात मागची चाकं, मग एटी मागेच टाकू, पुढे आहेत ते चालू देत. पैसे निम्मे. यात दम आहे असं पहिल्यांदा वाटतं. पण गाडी वळते आणि बरीचशी थांबते ती पुढच्या चाकांवर. पुढे झिजलेले हायवेचे आणि मागे नवे एटी असले की ओल्या वळणावर मागचं चिकटतं आणि पुढचं सरळ निघून जातं. बागेच्या उताराला तर पुढच्याच चाकांना ब्रेक धरायचा असतो. चढाचा विचार करताना आपण उतरणं विसरतो, आणि त्याच लाल उतारावरून गाडी रोज खाली यायची होती. शेवटी वहिनी म्हणाल्या, "चार घ्या. फ्रिज पुढच्या वर्षी घेऊ." मला त्या क्षणी फार बरं वाटलं आणि थोडं अपराधीही.

आता कुठला. अपोलो, सीएट, एमआरएफ, जेके, योकोहामा, सगळ्यांचे एटी टायर आपल्याकडे मिळतात. बाहेरून येणारे काही टायर जास्त नावाजलेले आहेत, पण जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं, तेव्हापासून ते हवे त्या मापात हवे तेव्हा मिळतीलच असं नाही. दादाला जुलैमध्ये एक टायर कापला गेला तर त्याच नक्षीचा दुसरा आठवड्याच्या आत मिळायला हवा होता. म्हणून कोल्हापूर आणि रत्नागिरी, दोन्हीकडे हे माप नेहमी ठेवतात तो देशी बनावटीचा घेतला, १११ अंकाचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या तीन दुकानांत दुसऱ्या कंपनीचा माल असता तर आम्ही तोही घेतला असता, आणि लोक नाव वाचतात, बाकीचं वाचत नाहीत. बाजूवर चिखल आणि बर्फाची 'एम+एस' ही खूण होती, ती नक्षीच्या रचनेवरून मिळते. डोंगरावर हिमकण काढलेली वेगळी खूण बर्फातल्या चाचणीची असते. तिचे जादा पैसे कोकणात कोणी देऊ नयेत.

बसवण्याआधी चारही टायरची तारीख पाहिली. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिघांवर ०९२४ आणि एकावर ३८२१. दुकानदार म्हणाला, माल सगळा नवाच आहे. वापरलेला नव्हता हे खरं, पण रबर पडून पडूनही वयात येतं, आणि एकाच धुऱ्यावर अडीच वर्षांचं अंतर आम्हाला नको होतं. त्याने कुरकुर न करता बदलून दिला. आम्ही पाहिलंच नसतं तर तोच बसला असता.

बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह धरून बिल ४६,८०० रुपये झालं. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला आहे. स्टेपनी जुनीच ठेवली. ती २०२१ पासून कधी वापरलीच नव्हती, माप तेच होतं आणि पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला पुरे.

दोन पावसाळे

टायर २८ मे २०२४ ला बसले. त्याच दिवशी डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवली: भरलेली, रिकामी, बाग. पहिले दोन आकडे दाराच्या चौकटीवरच्या कंपनीच्या पट्टीवरून घेतले. तिसरा २२. बागेच्या वाटेला लागताना सड्यावर थांबून हवा २२ करायची, वीसच्या वेगाच्या वर जायचं नाही, आणि परत डांबरावर आल्यावर गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाने भरायची. याहून खाली जाऊ नका असं मी सांगितलं होतं. फार कमी हवेत वळताना टायर रिमवरून सुटू शकतो, आणि बागेत तो परत बसवायला काही साधन नाही. पहिल्या महिन्यात दादा दर वेळी हवा काढायचा. नंतर कंटाळला, तेव्हा बागेच्या फेऱ्या एका दिवशी बांधून घ्यायला लागला: खत, कल्टार, गडी, सगळं एकाच खेपेत. हवेच्या कंटाळ्याने डिझेल वाचलं.

२०२४ च्या पावसात गाडी चढावर एकदाही थांबली नाही. चिरे लागले ते फक्त जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत. सप्टेंबरमध्ये मात्र रुतली, मळ्याच्या कडेच्या त्याच जागी. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून दादाने गाडी बाजूला घेतली, डावं मागचं चाक मळीत उतरलं आणि एकटंच गरगरत राहिलं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणजे मोकळ्या चाकाला लागतो तेवढाच थोडासा दुसऱ्यालाही. तिथे एटीही नाही आणि एमटीही नाही. त्याच ट्रॅक्टरने काढली.

सड्याच्या तोंडाशी सिमेंटचा एक छोटा उतार आहे, तिथेही हे टायर घसरले, अगदी हायवेच्या टायरसारखेच. शेवाळ धरलेल्या गुळगुळीत सिमेंटवर नक्षीला धरायला काही नसतं. वहिनींनी ब्लिचिंग पावडर टाकून, खराट्याने घासून ते काढलं. आता दर श्रावणात एकदा तेच करतात.

तोटे झाले. आधी लिटरला १३.४ किलोमीटर मिळायचे, आता १२.७ मिळतात. ७० च्या वर एक घोंघाव येतो. तो एमटीचा नाही, पण आहे. सासूबाईंनी तक्रार केलेली नाही. ओल्या अणुस्कुऱ्यात वहिनी आता आधीपेक्षा सावकाश जातात, कारण पहिल्या पावसात एकदा ब्रेकला गाडी त्यांच्या अंदाजापेक्षा दोन हात पुढे गेली. त्यांनी ते लगेच मला कळवलं. माझ्या निवडीचा तो भाग मला अजून बोचतो. तिथे हायवेचा टायर बरा पडला असता, यात वाद नाही.

२०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस आला, आंबा अजून झाडावर होता. शेवटच्या तोडीचे क्रेट चिखलातूनच बाहेर काढावे लागले. भरलेली गाडी, मागे वजन, एटी टायर: चढ-उतार दोन्ही व्यवस्थित पार पडले. त्या चार दिवसांत टायरचे पैसे वसूल झाले असं दादा म्हणतो. मी तसा हिशोब मांडलेला नाही, पण त्या मालाचं काय झालं असतं ते मला माहीत आहे.

डिसेंबर २०२५ ला २९,६०० किलोमीटर झाले. नवे होते तेव्हा खोली ११ मिलिमीटर होती. दर दहा हजारांना पुढची-मागची चाकं बदलत आलो, तरी तेव्हा पुढे ७.१ आणि मागे ६.६ उरली होती. १.६ पर्यंत अजून खूप आहे असं वाटेल. पण ४ मिलिमीटरच्या खाली फटीतली माती फेकली जात नाही, एटी तिथून पुढे हायवेचाच टायर होतो, वर आवाज करणारा. या वेगाने मागची जोडी आणखी सतरा-अठरा हजारांनी ४ वर येईल, म्हणजे २०२६ चा पाऊस निघेल आणि २०२७ चा निघणार नाही. वहिनींनी वहीत एप्रिल २०२७ च्या पानावर आतापासून 'टायर' असं लिहून ठेवलं आहे.

दादाने परवा फोन केला. चढाच्या वरच्या शंभर फुटांत चाकांच्या अंतराने चिऱ्यांच्या दोन पट्ट्या बसवायच्या म्हणतोय, गवंड्याशी बोलणं झालंय. त्याला विचारायचं होतं, पट्टी किती रुंद ठेवू. मी म्हटलं, दोन फूट ठेव, आणि वरची बाजू घासून गुळगुळीत करू देऊ नकोस, चिरा खडबडीतच राहू दे.